दुपारच्या आवाजाचा पंचनामा

२०११ सालच्या सप्टेंबरात आमच्या सोसायटीनं मला एक नोटीस दिली. नोटीस इंग्रजीत टाइप केलेली होती, त्यामुळे अपमान जरा जास्तच वाटला. तिचा मराठीत अर्थ असा : फ्लॅट नंबर दोनशे दोनमध्ये रोज दुपारी अडीच ते चार या वेळात एक महिला झोपत असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर महिलेची सोसायटीकडे नोंद नाही. तरी सोबतचा फॉर्म भरून तिचे नाव, वय आणि आपल्याशी असलेले नाते आठ दिवसांत कळवावे.

फ्लॅट नंबर दोनशे दोन माझा. त्यात मी एकटा राहतो. वय एकसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त. बायको एप्रिल महिन्यात वारली. नोटीस घेऊन आमचा वॉचमन यादगिरी आला होता. मी सही करेपर्यंत तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. सही झाली तरी बघतच राहिला.

"क्या देख रहा?" मी विचारलं.

"कुछ नै सार. मेडम सोगया क्या?"

माझ्यासारख्या माणसावर ही वेळ का आली ते सांगतो. सुरुवात एका साध्या तक्रारीपासून झाली, आणि तक्रारसुद्धा माझी नव्हती.

आमची बिल्डिंग विद्यानगरात आहे. चार मजले, बारा फ्लॅट. माझ्या बरोबर डोक्यावर, तीनशे दोनमध्ये, जूनमध्ये अश्विनी नावाची पुण्याची मुलगी भाड्यानं राहायला आली. तिची कंपनी हायटेक सिटीत. अमेरिका जागी असते तेव्हा ही कामाला आणि हैदराबाद जेवून आडवं होतं तेव्हा ही घरी. घरी काय करते, तर संगीत करते. गाणं नाही, पेटी नाही, सतार नाही. लॅपटॉपसमोर बसते आणि संगीत करते. त्यातून जो आवाज निघायचा तो कसा सांगू? रोडरोलरला उचकी लागली तर येईल तसा. घुंव, घुंव, घुंव, घर्रर्र. तो सुरू झाला की माझ्या स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे फळीवर एकेक बोट पुढे सरकत. शेजारच्या दोनशे एकमधल्या शोभाताईंच्या देवघरातली घंटा एका मंगळवारी आपोआप वाजली. त्यांना आधी आनंद झाला. मग आवाज वरून येतोय हे कळल्यावर राग आला.

सोसायटीचे सेक्रेटरी हणमंतराव. आयुष्यभर नोंदणीच्या कचेरीत काम केलेला माणूस. रिकामा रकाना दिसला की यांचा हात शिवशिवतो. त्यांनी अर्ज लिहिला, दहा सह्या घेतल्या आणि जिन्यात मला गाठलं.

"बाळकृष्णराव, हा अर्ज तुम्ही द्यायचा."

"मी का? सेक्रेटरी तुम्ही."

"ती पुण्याची आहे हो. परवा मी तिला म्हटलं, 'बाई, आवाज जरा हल्लू करा, लोकं परेशान होऊन गेलेत.' तर ती हसली. कायकू हसली, विचारा. माझं मराठी ऐकून हसली! तुम्ही पुस्तकं-गिस्तकं वाचता. तुम्ही बोला."

आमच्या चार पिढ्या हैदराबादेत गेल्या. आमचं मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात हे आम्हाला माहीत आहे, आणि आम्ही ते मनाला लावून घेत नाही असं दाखवतो. मी अर्ज घेतला.

खरं सांगायचं तर मला तक्रार करायचीच नव्हती. आदल्या दिवशी दुपारी तो आवाज चालू असताना मला खुर्चीत झोप लागली होती. चांगली चाळीस मिनिटं. एप्रिलपासून दुपारी लागलेली पहिली झोप.

आता इथे थोडं घरातलं सांगावं लागेल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी बहुतेक सकाळची पाळी असे. अडीचला घरी, जेवण, आणि मग मी पलंगावर पेपर घेऊन आडवा. शेजारी कमल. कमल दोन मिनिटांत घोरायला लागायची. साधं घोरणं नव्हतं ते. खाली एक जाड घुमणारा सूर, त्यावर खरखर, आणि तो सगळा आवाज कुणी दार उघडतंय-लावतंय तसा लहानमोठा होत राहायचा. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला त्या आवाजात झोप येत नसे. नंतरची बत्तीस वर्षं त्या आवाजाशिवाय येत नसे.

कमलला मात्र हे मान्य नव्हतं. "घोरता तुम्ही, आणि नाव माझं," असं ती म्हणायची. अठ्ठ्याऐंशी साली अंबरपेठेत तिच्या धाकट्या बहिणीकडे, सुनंदाकडे, बारसं होतं. पंगत बसली होती, तिच्या सासरची चाळीस माणसं होती, आणि मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी कमलच्या घोरण्याची नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले. सुनंदा तेवढी हसली नाही. हातातलं श्रीखंडाचं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "भावजी, आमच्या घरात कुणी घोरत नाही." कमल आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती एवढंच, की ताटावर हात ठेवून शपथ घ्या. घोरणं आणि माझं नाव, हे दोन्ही पुन्हा कुणासमोर काढायचं नाही. मी भरल्या ताटावर हात ठेवून शपथ घेतली. तेवीस वर्षं पाळली. ती गेल्यावर शपथ सुटते का, हे मला माहीत नाही. विचारणार कुणाला?

तर मी अर्ज घेऊन वर गेलो. अश्विनीनं दार उघडलं. हेडफोन गळ्यात, केस वर बांधलेले.

"काका, सॉरी! आवाजाचं ना? मी ॲक्च्युअली कमी करणारच होते."

"कालचा तो आवाज," मी म्हणालो, "जरा परत लावता का?"

"पण तुमच्या हातात अर्ज आहे."

"तो नंतर देतो. आधी आवाज."

तिनं लावला. मी डोळे मिटून ऐकला.

"अजून खाली आणा," मी म्हणालो. "अजून. आणि थोडी खरखर वाढवा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काका, तुम्ही डबस्टेप म्युझिक ऐकता?"

"मी टेलिफोन खात्यात होतो," मी म्हणालो.

मग तिनं मला सगळं दाखवलं. लॅपटॉपच्या पडद्यावर एक यंत्र होतं. खरं यंत्र नाही, यंत्राचं चित्र. पण त्याची बटणं फिरत होती आणि त्यातून आवाज निघत होता. त्याला सिंथेसायझर म्हणतात. आधी एक करवतीच्या दातांसारखी लाट घ्यायची. तिच्याजवळ तशीच दुसरी, पण सुरात किंचित चुकलेली ठेवायची. दोघींचं जमत नाही म्हणून आवाज जाड होतो. (हे मला लगेच समजलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.) मग त्यावर फिल्टर. आणि मग एक दुसरी अगदी संथ लाट, जी स्वतः ऐकूच येत नाही, पण फिल्टरचं बटण न थकता पुढेमागे फिरवत राहते. त्यामुळे आवाज घुंव घुंव डोलतो. या डोलण्याला ही मुलं वॉबल म्हणतात. सगळ्यात शेवटी आवाज मुद्दाम फाडायचा, म्हणजे खरखर येते.

इथे मला जरा थांबून श्वास घ्यावा लागला. तेहतीस वर्षं मी सरकारचा पगार घेतला तो लोकांच्या लाइनवरची खरखर काढण्यासाठी. पावसात खांबाखाली उभा राहून काढली. रिसीव्हर कानाला लावला की दोष जॉइंटमध्ये आहे की केबलमध्ये हे मी सांगत असे. आणि आता निवृत्त झाल्यावर खरखर घालायला शिकत होतो, तेही आनंदानं.

"पण काका, तुम्हाला नक्की कसला आवाज हवाय?" अश्विनीनं विचारलं.

शपथ आठवली. "आमच्या एक्स्चेंजमध्ये एक मशीन होतं," मी म्हणालो. "जुनं. बंद पडलं. त्याचा."

"ओह, सो स्वीट," ती म्हणाली.

तेव्हापासून मी रोज दुपारी वर जायला लागलो. अर्ज माझ्या खिशात तसाच होता. पहिल्या दिवशी झालेला आवाज बजाज स्कूटरसारखा होता. दुसऱ्या दिवशी इडलीचं पीठ वाटायच्या ग्राइंडरसारखा. तिसऱ्या दिवशी म्हशीसारखा. त्या दिवशी शोभाताईंनी गॅलरीतून खाली रस्त्यावर बघितलेलं मला दिसलं. अश्विनी प्रत्येक आवाजाला नंबर देऊन ठेवत होती : काका मशीन एक, काका मशीन दोन.

"काका, असं नाही कळत. तुम्ही तोंडानं काढून दाखवा ना."

मी आधी नाही म्हणालो. मग दोन्ही डोळे मिटून, मान थोडी मागे टाकून, तिच्या सोफ्यावर मी तो आवाज काढला. दार उघडं होतं. दारात हणमंतराव उभे होते. अर्जाचं काय झालं ते विचारायला आले होते. दोन पावलं मागे सरकले आणि खाली गेले.

काका मशीन अकरा जमलं. जमलं म्हणजे माझ्या अंगावर काटा आला. अश्विनी खूश झाली. म्हणाली, "आता फक्त एक करू. सारखं एकसारखं चाललं तर खोटं वाटतं. कोणतंही जुनं मशीन मध्येच जरा अडतं. मी इथे तीन सेकंदांचा गॅप टाकते."

आवाज चालू होता. मग थांबला. एक सेकंद, दोन सेकंद. मी उठून तिच्या लॅपटॉपची दिसतील ती बटणं दाबली.

"काका! काय झालं?"

"थांबायला नको," मी म्हणालो. "ते मशीन थांबत नसे."

हे खोटं होतं. कमल मध्येच थांबायची. घोरणारी सगळीच माणसं थांबतात. ती थांबली की मी पेपर खाली घ्यायचो आणि मनात आकडे मोजायचो. सहा, फार तर सात. मग एक मोठा घुर्र व्हायचा आणि गाडी पुन्हा सुरू. मीही पेपर पुन्हा वर घ्यायचो. एप्रिलच्या चौदा तारखेला मी पेपर खाली घेतला आणि मोजायला लागलो. वीसपर्यंत गेल्यावर मला वाटलं आपलंच मोजण्यात चुकलं. म्हणून परत एकपासून मोजलं.

असो.

लॅपटॉपच्या स्पीकरमधून हा आवाज डासासारखा येई. त्याला मोठा स्पीकर लागतो, वूफर म्हणतात. तो आणायला मी कोठीच्या गुजराती गल्लीत गेलो. तिथे जब्बारभाईंचं दुकान आहे. खात्यात असताना वायरी मी त्यांच्याकडूनच घ्यायचो.

"कायकू होना साब, पिक्चर देखने कू?"

"नहीं. सोने कू."

जब्बारभाईंनी वूफरवरची धूळ पुसता पुसता माझ्याकडे नीट बघितलं. "साब, ये बजाए तो मोहल्ला उठ जाता. तुमे इसपे सोते बोल रै?"

"हौ."

"भाभी कुछ नै बोलते?"

"नहीं बोलते," मी म्हणालो. एवढंच बोललो, पण त्यांना कळलं. त्यांनी वायर फुकट दिली, आणि खोका स्वतः उचलून ऑटोत ठेवला.

अश्विनीनं माझ्या मुलीचा जुना कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत लावला, वूफर पलंगाखाली कमलच्या बाजूला सरकवला. "बेस जमिनीतून जातो काका, बघा कसा फील येईल," म्हणाली. फील आला. दुपारी अडीच वाजता मी पेपर घेऊन आडवा झालो, बटण दाबलं, आणि शेजारी ती होती. डोळे मिटले. झोप आली. पण दारापर्यंत आली आणि परत गेली. रोज असंच व्हायला लागलं. दहा मिनिटं डुलकी, मग दचकून जाग. आवाजात काहीतरी कमी होतं. मी फिल्टर बदलला, खरखर बदलली, वूफर डावीकडून उजवीकडे नेला. फरक पडेना.

आणि इकडे बेस जमिनीतून गेला तो थेट सगळ्यांच्या घरी गेला.

पहिल्यांदा शोभाताई आल्या. हातात वाटी, वाटीत डाळीची चटणी. त्या कधी चटणी आणत नाहीत.

"भाऊ, पाहुणे आलेत वाटतं?"

"नाही."

"नाही, दुपारी जरा चाहूल लागते."

"कसली?"

"आता मी बाईमाणूस, कसं सांगू! दमून झोपलेल्या माणसाची." त्यांनी झोपायच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "तुमची नाही. तुमची मला माहीत आहे, भिंत एकच आहे आपली."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं.

त्या रविवारी बंगळुराहून मुलीचा फोन. मेघना तिथे बँकेत आहे.

"बाबा, मी चिडलेली नाही. आधीच सांगते."

"कशावर?"

"मला चालेल, बाबा. खरंच. एकटं राहणं अवघड असतं. फक्त मला दुसऱ्याकडून कळायला नको होतं, एवढंच. काय करतात त्या?"

"कोण त्या?"

"घोरतात म्हणे खूप. डॉक्टरला दाखवा. आजकाल त्यावर उपाय असतो."

आईचं घोरणं लहानपणापासून ऐकलेली मुलगी मला हे सांगत होती. मला तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ताटावर ठेवलेला हात आठवला. "अशी कुणी नाही," मी म्हणालो. ती म्हणाली, "ठीक आहे, तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा." तिच्या समजूतदारपणाचा मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी यादगिरी नोटीस घेऊन आला.

तर अशी माझी कोंडी झाली होती. खरं सांगावं तर कमलचं नाव जाणार, न सांगावं तर माझं. मी फॉर्म घेऊन बसलो. नाव : नाही. वय : नाही. नाते : नाही. खाली शेरा लिहिला, "व्यक्ती नसून यंत्र आहे."

फॉर्म परत आला. हणमंतरावांनी लाल पेनानं लिहिलं होतं : यंत्राचे प्रयोजन स्पष्ट करावे. निवासी जागेत यंत्र चालवण्यास शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र जोडावे. यंत्र झोपते असे कळते, त्याचा खुलासा व्हावा.

मी लिहिलं, "यंत्र झोपत नाही. मी झोपतो."

तोही परत आला. शेरा : शोभाताईंच्या निवेदनानुसार सदर आवाज आपला नाही. येत्या रविवारी दुपारी अडीच वाजता समिती समक्ष येऊन पंचनामा करील. घरातील स्थिती रोजच्याप्रमाणे ठेवावी.

रविवारी अडीचला समिती आली. हणमंतराव पॅड आणि पेन घेऊन, शोभाताई साक्षीदार म्हणून, अश्विनी तंत्रज्ञ म्हणून. यादगिरी दारात, गेट मोकळं सोडून. आणि सगळ्यांच्या मागून, हातात छत्री आणि जेवणाचा डबा घेऊन, अंबरपेठेहून सुनंदा. तिला कुणी कळवलं हे विचारायची गरज नव्हती. शोभाताई छताकडे बघत होत्या.

"भावजी," सुनंदा म्हणाली, "सहा महिने तरी होऊ द्यायचे."

ती थेट आत गेली. न्हाणीघर बघितलं. पडद्यामागे बघितलं. मग कपाट उघडलं. त्यात कमलच्या साड्या होत्या, तिनं लावल्या होत्या तशाच, घड्यासुद्धा हललेल्या नव्हत्या. सुनंदा थोडा वेळ कपाटासमोर उभी राहिली. मग दार हळूच लावून बाहेर आली. छत्री कोपऱ्यात ठेवली.

"आता रोज करता तसं करून दाखवा," हणमंतराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आडवे व्हा. पंचनाम्यात प्रत्यक्ष स्थिती लागते."

एकसष्ट वर्षांचा माणूस, सरकारी नोकरीत एक मेमो नाही, आणि मी पाच जणांसमोर माझ्याच पलंगावर आडवा झालो. "रोज पेपर असतो," असं माझ्याच तोंडून निघून गेलं. हणमंतरावांनी पेपर आणून हातात दिला आणि तेही लिहून घेतलं.

"आवाज?"

"मी लावणार नाही."

"का?"

"सांगणार नाही."

"लिहितो, 'सहकार्य नाही'," हणमंतराव म्हणाले. अश्विनीला माझी दया आली. तिला वाटलं, मशीन ऐकवलं की संपलं. तिनं बटण दाबलं.

घुंव, घुंव, घर्रर्र. पलंगाच्या दांड्या हलल्या. टेबलावरचं पाण्याचं भांडं किणकिणलं. हणमंतराव खाली वाकून पलंगाखाली बघायला लागले. शोभाताई म्हणाल्या, "हीच! हीच बाई!"

सुनंदा पलंगाच्या कडेवर बसली. कमलच्या बाजूला. तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"ताई," ती म्हणाली.

"मी काही बोललो नाही!" मी पेपरामागून ओरडलो. "सगळे साक्षीदार आहेत. मी नाव घेतलेलं नाही!"

"ताईच आहे," सुनंदा म्हणाली. "लग्न होईपर्यंत आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो हो. मला नाही ओळखू येणार?"

"तू तर म्हणाली होतीस, तुमच्या घरात कुणी घोरत नाही!"

"चाळीस माणसांसमोर काय सांगणार? हातात श्रीखंड होतं माझ्या!"

हणमंतराव पलंगाखालून बाहेर आले. त्यांच्या डोक्याला जाळं लागलं होतं. पेन हातात होतं, पण ते लिहीत नव्हते. अश्विनी माझ्याकडे बघत होती. "काका," ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे एक्स्चेंजचं मशीन..."

आवाज चालूच होता. सुनंदा मान तिरकी करून ऐकत होती. भाजीवालीच्या तराजूकडे बघतात तशी.

"पण चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"ताई मध्येच थांबायची. हे थांबतच नाही. अशानं माणसाला झोप कशी लागेल? मी लहानपणी ती थांबायची वाट बघत जागी राहायची. थांबली, की मग परत सुरू झाली, की मला बरं वाटायचं. मग झोप लागायची."

मी पेपर तोंडावरून काढला नाही. पेपरामागे माणसाला बरं असतं.

"मी टाकला होता गॅप," अश्विनी म्हणाली. "काकांनी काढायला लावला."

मग सुनंदा म्हणाली, "भावजी. टाकू द्या तिला."

"थांबल्यावर परत सुरू होईल ना?" मी अश्विनीला विचारलं.

"हो काका."

"नक्की?"

"मी स्वतः टाकतेय ना. सात सेकंद, आणि मग सुरू."

"सात नको. सहा."

तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. आवाज आला, गेला, आला. आणि थांबला.

मी पेपर खाली घेतला. एक. शोभाताईंनी हात छातीवर ठेवला. दोन. हणमंतरावांचं पेन कागदावर एक बोट अधांतरी होतं. तीन. दारात यादगिरीनं तोंडातलं पान चावायचं थांबवलं. चार. सुनंदानं माझ्या मनगटावर हात ठेवला. पाच. गल्लीतून कांदेवाला ओरडत गेला. सहा.

घुर्रर्र.

हणमंतरावांनी एवढा मोठा श्वास सोडला की त्यांच्या पॅडवरचा कागद उडाला. "हां," ते म्हणाले. "चालू झाली."

मी पेपर वर घेतला. ती पुन्हा एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मी तीनपर्यंत मोजल्याचं आठवतं.

जाग आली तेव्हा पाच वाजून गेले होते. पेपर तोंडावर होता. समिती नव्हती. कॉम्प्युटर बंद होता, वूफर बंद होता. स्वयंपाकघरात सुनंदा चहा गाळत होती, आणि टेबलावर पाण्याच्या भांड्याखाली पंचनामा दाबून ठेवला होता. इंग्रजीतच. अर्थ असा :

"फ्लॅटमध्ये नोंद नसलेली कोणतीही व्यक्ती आढळली नाही. पलंगाखाली एक स्पीकर आढळला. तो कौटुंबिक स्वरूपाचा असल्याने हरकत नाही. दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी तंत्रज्ञांनी यंत्र बंद केले. तथापि आवाज बंद झाला नाही. पाहणी करता तो फ्लॅटमालक स्वतः काढत असल्याचे दिसून आले. सदर आवाज यंत्रापेक्षा मोठा आहे. तो पूर्वीपासूनचा असल्याचे शेजारी व नातेवाईक यांनी एकमुखाने सांगितले."

खाली पाच सह्या. यादगिरीची तेलुगूत.

मी तो कागद दोनदा वाचला. घोरता तुम्ही, आणि नाव माझं. चौतीस वर्षं ती सांगत होती. तिच्याकडे फक्त सह्यांचा कागद नव्हता.

"साखर किती?" आतून सुनंदानं विचारलं.

"एक चमचा," मी म्हणालो. मग कपाट उघडलं आणि पंचनामा कमलच्या साड्यांत ठेवला. सगळ्यात वरच्या घडीखाली, चटकन हाताला लागेल असा.